‘शिथिल’ आणि ‘कमी’ यांच्याविषयी

अंबाजोगाई,
रविवार, सकाळ

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. दवाखान्याच्या इंग्रजी माहितीपत्रकाचे मराठी करताना रिलीव्ह, अलिव्हिएट, मिटिगेट आणि पॅलिएट हे चारही शब्द तू ‘कमी करणे’ या एकाच क्रियापदावर भागवलेस आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनी चारही जागी लाल रेघ ओढली, असे तू रागाने लिहिले आहेस. राग समजतो, परंतु रेघ योग्य आहे असे मला वाटते.

शरीराच्या दुखण्याकडे जाण्यापूर्वी दोरीकडे पाहू, कारण हे शब्द मूळचे दोरीचे, ओझ्याचे आणि कापडाचे आहेत. आपल्या वाड्याच्या ओसरीवरची बाज तुला आठवत असेल. तिच्या विणीच्या गाठी पक्क्या असत, तरी उन्हाळा सरेपर्यंत मधोमध झोळ पडे आणि मग दोरी पुन्हा ताणून घ्यावी लागे. तिची ही अवस्था म्हणजे स्लॅक. त्याच बाजेचा खूर खाचेत डुगडुगू लागला, तर तो लूझ. एकात ताण उतरतो, दुसऱ्यात बसलेली वस्तू जागची हलू लागते. मराठीत आपण दोन्हींना ‘ढिले’ म्हणून मोकळे होतो, आणि बाजेपुरते ते चालतेही.

रिलॅक्सची गोष्ट अधिक मजेची आहे. ढिला या अर्थाच्या ‘लॅक्सस’ या लॅटिन शब्दापासून तो आला, आणि तोच शब्द फ्रेंचच्या वाटेने इंग्रजीत शिरला तेव्हा रिलीज झाला. रिलॅक्समध्ये बंधन राहते आणि पकड सैल होते. रिलीजमध्ये बंधनच जाते. बैलाचा कासरा ढिला सोडणे आणि बैलाच्या मानेवरचे जू काढणे यांत जेवढे अंतर, तेवढे या दोन सख्ख्या बहिणींत आहे. कोरोनाच्या काळात, ७ जून २०२१ पासून, राज्यात निर्बंधांचे पाच स्तर लागू झाले. तिसऱ्या स्तरात दुकाने दुपारी चारपर्यंतच उघडी राहत, तर पहिल्या स्तरात जवळपास सारे खुले होते. वर्तमानपत्रांनी मात्र दोन्हींवर ‘निर्बंध शिथिल’ हाच शिक्का मारला. शिथिल झाले की उठले, हे दुकानदाराला शटर अर्धे ओढून शेजाऱ्यालाच विचारावे लागे. ‘शिथिल’ हा शब्द वाईट नाही. आपण त्याला फार राबवतो, एवढीच माझी तक्रार आहे.

ईझ या शब्दाला कर्ता नसला तरी चालते: दुखणे आपोआप ईझ होते, पाऊसही होतो. आपल्याकडे त्यासाठी ‘ओसरणे’ आहे.

आता तुझे चार शब्द. रिलीव्हच्या मुळाशी उचलणे आहे आणि अलिव्हिएटच्या मुळाशी हलके करणे. उचललेले ओझे पुरते उतरवता येते, किंवा दुसऱ्याच्या खांद्यावर जाते. म्हणूनच बदली झालेले शिक्षक ‘रिलीव्ह झाले’ असे आपण म्हणतो आणि त्यांचा वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात पडतो. अलिव्हिएटमध्ये ओझे तुमच्याच खांद्यावर राहते, फक्त त्याचे वजन सोसण्याजोगे होते. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे लातुरात आली, तेव्हा तिच्या दहा टाक्यांत पाच लाख लिटर पाणी होते. त्या पाण्याने तहानेचा त्रास अलिव्हिएट झाला. दुष्काळ होता तिथेच होता. पाऊस हुकण्यापूर्वीच बंधारे आणि शेततळी बांधून दुष्काळाची धार बोथट करणे, हे मिटिगेट. त्याच्या मुळाशी मऊ, सौम्य असा अर्थ आहे, आणि घाव बसण्याआधीची तजवीज त्यात अनेकदा अभिप्रेत असते.

पॅलिएटवर मी थोडा अधिक रेंगाळणार आहे. तो ‘पॅलिअम’ या अंगावर घ्यायच्या वस्त्राच्या नावावरून आला, आणि संतकवी दासोपंतांनी ज्या पासोडीवर, म्हणजे लांबरुंद कापडावर, काव्य लिहिले तिच्या गावात राहणाऱ्या माणसाला तो परका वाटत नाही. दोष पॅलिएट करणे म्हणजे आपले ‘चुकीवर पांघरूण घालणे’ अगदी जसेच्या तसे. आजाराच्या बाबतीत मात्र हे पांघरूण मायेचे असते: आजार जाणार नाही, पण माणूस उघडा पडू द्यायचा नाही.

आईच्या शेवटच्या महिन्यांत एका डॉक्टरांनी आम्हाला सांगितले होते, “या औषधाने आराम पडेल.” आपल्या बोलीत आराम पडणे म्हणजे बरे होणे, त्यांच्या मनात फक्त वेदनेचा विचार होता. आम्ही भावंडे दीड महिना आई बरी होईल या हिशेबाने चाललो, आणि धाकट्याने तर सुटीही पुढे ढकलली. आईला मात्र हा फरक कोणी शिकवावा लागला नाही. एका संध्याकाळी मी विचारले तेव्हा ती म्हणाली, “दुखणं हाय तिथंच हाय, ठणका तेवढा बसलाय.” अलिव्हिएटचा याहून नेमका अर्थ मला चाळीस वर्षे इंग्रजी शिकवूनही सांगता आला नसता.

म्हणून तुझ्या पत्रकात ‘आराम’ हा शब्द कुठेही ठेवू नकोस. रिलीव्हला ‘वेदना थांबवणे’ लिही, पण जिथे वेदना पूर्ण थांबेल अशी डॉक्टरांची खात्री आहे तिथेच. एरवी ‘वेदनेला उतार पडणे’ बरे. अलिव्हिएटला ‘ठणका बसणे’ चालेल का, ते डॉक्टरांनाच विचार. बोली म्हणून त्यांनी नाक मुरडले तर ‘त्रास हलका होणे’ लिही. मिटिगेटसाठी ‘तीव्रता वाढू न देणे’. पॅलिएटसाठी एक शब्द शोधण्याच्या नादी लागू नकोस, सरळ वाक्य लिही: ‘या उपचाराने आजार बरा होत नाही, रुग्णाला होणारा त्रास सुसह्य होतो.’ वाक्य लांबेल, पत्रकाची एक ओळ वाढेल, छपाईवाला कुरकुर करील. करू दे.

सुधारलेला मसुदा दिवाळीपूर्वी पाठव. तुझ्याकडे लाल शाई संपली असेल, तर माझ्याकडे पुष्कळ शिल्लक आहे.

तुझाच,
मास्तर