बाबांच्या बुलेटचे नट-बोल्ट वाचवणाऱ्या काकांना

काका, सादर नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. आणि बडोद्यात अजून कितीतरी जणांकडे पुरात बुडालेल्या जुन्या गाड्या तशाच कोपऱ्यात उभ्या आहेत, त्यांनाही कळू दे की तुम्ही नक्की काय केलंत.

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली तेव्हा समा भागात आमच्या पार्किंगमध्ये बाबांची बुलेट पूर्ण पाण्याखाली होती. 1972 ची 350 सीसीची, उजव्या पायाचे गिअर, अजून बऱ्यापैकी ओरिजिनल. पाणी ओसरल्यावर ज्याला दाखवली तो म्हणाला भंगारात काढा, आणि बाबा तर त्या विषयावर बोलेनासेच झाले. तुम्हाला फोन केला तर तुमचा पहिला प्रश्न, "कोणी किक मारली का?" नाही म्हटल्यावर म्हणालात, मारूही नका, सिलिंडरमध्ये गाळ असेल तर पिस्टन तोच गाळ भिंतीवर घासत वर-खाली होईल आणि बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, खराब होईल. दुसऱ्या दिवशी दांडिया बाजारातून पाने घेऊन हजर. आधी प्लग काढलात, मग इंजिनचं ऑइल सोडलंत, ते दूध घातलेल्या चहासारखं बाहेर आलं तेव्हा मला धडकी भरली, तुम्ही मात्र शांतपणे म्हणालात की पाणी मिसळलंय, धुवून निघेल.

पण मला खरे आभार मानायचेत ते त्या पान्यांसाठी. आमच्या घरात मिमीच्या पान्यांचा छान सेट होता, त्यातला 13 चा बसत नव्हता आणि 14 चा ढिला पडत होता. तुम्ही तुमच्या कॅनव्हासच्या गुंडाळीतून 1/4 लिहिलेला पाना काढलात आणि तो नटावर असा बसला की जरासुद्धा हालेना. तेव्हा समजावलंत की हे जुने इंग्लिश माप, व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज इंजिनिअरने 1841 मध्ये ठरवलेलं, आणि पान्यावर लिहिलेलं असतं ते बोल्टच्या दांड्याचं माप, डोक्याचं नाही, डोकं भरतं साधारण 13.3 मिमी. इतक्या जुन्या बुलेटला ही मापं बहुतेक ठिकाणी, आणि लोक 14 चा पाना नाहीतर स्क्रू पाना लावून जोर मारतात, नटाचे कोपरे गोल होतात, मग पकड, मग छन्नी, आणि शेवटी "हे नट आता मिळत नाहीत". प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेला माणूस आपले पाने कोणाला हातही लावू देत नाही हे मला काकूंनी नंतर सांगितलं. तुम्ही ती अख्खी गुंडाळी आमच्याकडे ठेवून गेलात काका. गंजलेल्या नटांना डिझेल आणि ऑइल लावून रात्रभर सोडायचं, सकाळी आधी जरासं घट्ट करायचं आणि मग सोडायचं, हे तर मी आता झोपेतही करीन.

साफसफाईतही तुमचा हट्ट होता आणि तो बरोबरच होता. प्रेशरचं पाणी मारू दिलं नाहीत कारण गाळ बेअरिंगच्या आत ढकलला जातो. शेजाऱ्यांनी कॉस्टिक सोडा आणून दिला तो तुम्ही परत पाठवलात, क्रँककेस, म्हणजे इंजिनचं खालचं कवच, अॅल्युमिनियमचा आहे, कॉस्टिक अॅल्युमिनियम खातो. पेट्रोलनेही धुवायचं नाही, एका ठिणगीचा प्रश्न असतो. मग जुना टूथब्रश, पितळी ब्रश, डिझेल आणि कॉटन वेस्ट, एवढ्यावर इंजिनच्या फिन्सच्या, म्हणजे थंड ठेवणाऱ्या पात्यांच्या, मधला गाळ रेघ रेघ करून काढला. मडगार्डच्या क्रोमवर पॉलिश पेपर घ्यायला मी निघालेच होते, तर तुम्ही म्हणालात स्वयंपाकघरातली फॉईल आण, चुरगाळून पाण्यात बुडवून हलक्या हाताने घास. गंज निघाला आणि क्रोमवर ओरखडा नाही! कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यात, तार घालू दिली नाहीत, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की गाडी पेट्रोल प्यायला लागते, म्हणून फक्त स्प्रे आणि हवा. टाकीत व्हिनेगर आणि मूठभर नट टाकून हलवत बसायचं काम बाबांना दिलंत, आणि मग खाण्याच्या सोड्याचं पाणी, मग कडक उन्हात वाळवणं, सगळं त्यांनी केलं. ते काम तुम्ही मुद्दाम त्यांना दिलंत हे मला माहितीय. त्या दिवसापासून बाबा परत गाडीबद्दल बोलायला लागले, जेवतानासुद्धा पॉइंटचा गॅप आणि ऑइल पंप.

एक पैसा घेतला नाहीत, नुसता चहा, तोही बिनसाखरेचा.

गाडीवर एखाद-दुसरा वगळता सगळे नट-बोल्ट तिचे स्वतःचे आहेत, आणि ते फक्त तुमच्यामुळे. ज्यांच्याकडे इतकी जुनी बुलेट आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं, बाकी खर्च नंतर करा, आधी व्हिटवर्थचे चार-पाच चांगले रिंग पाने घ्या, जुन्या बाजारात अजूनही सापडतात.

तुमचे पाने पुसून, तेलाचा हात फिरवून गुंडाळीत जागच्या जागी ठेवलेत. रविवारी सकाळी बाबा आणि मी घेऊन येतो, बुलेटवरच. इंजिनातल्या टॅपेटचा आवाज मला जरा जास्त वाटतोय, तेवढा ऐकून सांगा.

तुमची,
समाची पुतणी