घारापुरीचा सुका कचरा परतीच्या लाँचनेच मुंबईला न्यावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सरला की गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीला जाणाऱ्या लाँच भरभरून निघू लागतात. तेथील लेणी १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहेत आणि मुंबईहून तासाभराच्या अंतरावर असल्याने सहलींचा ओघ तेथे वर्षभर असतो. पर्यटकांना बेटावर मुक्कामाची परवानगी नसल्यामुळे ते काही तासांतच परततात. मात्र त्यांनी बरोबर आणलेल्या किंवा तेथे विकत घेतलेल्या बाटल्या, वेफर्सची पाकिटे आणि पत्रावळ्या बेटावरच राहतात. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या तीन पाड्यांत मिळून हजार-बाराशे माणसे राहतात. त्यांच्या छोट्या ग्रामपंचायतीने हा सारा भार उचलावा, अशी अपेक्षा करणे मला अन्यायाचे वाटते.

एखाद्या गावात कचरा साठला तर घंटागाडी वाढवता येते किंवा भंगारवाल्याला बोलावता येते. घारापुरीत प्रत्येक पोते जेट्टीपर्यंत वाहून न्यावे लागते, लाँचमध्ये चढवावे लागते आणि पलीकडे उतरवून घेणारे कोणीतरी असावे लागते. यातील एक दुवा तुटला की पुरणे किंवा जाळणे हेच मार्ग उरतात. उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये देशभर बंदी घातली आहे आणि पुरायला बेटावर जागा तरी किती आहे? मालदीवमध्ये राजधानी मालेजवळ १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून कचऱ्याचा भराव टाकत थिलाफुशी नावाचे बेट उभे राहिले आणि तेथे पेटलेल्या कचऱ्याचा धूर शेजाऱ्यांना वर्षानुवर्षे सोसावा लागला. आपल्याला त्या वाटेने जाण्याचे कारण नाही, कारण घारापुरीसमोर दहा-अकरा किलोमीटरवर मुंबईसारखे शहर आहे.

खरी अडचण हद्दींची आहे. लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, गाव ग्रामपंचायतीकडे, बंदराचा कारभार महाराष्ट्र सागरी मंडळाकडे; बेट रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्याचे, तर बहुसंख्य पर्यटक मुंबईतून निघणारे. त्यामुळे कचरा निर्माण करणारा माणूस एका प्रशासनाच्या हद्दीत लाँचमध्ये बसतो आणि कचरा दुसऱ्याच्या हद्दीत टाकतो. यातील प्रत्येक यंत्रणेने आपापला परिसर झाडला, तरी झाडलेले नेणार कोण आणि कोठे, हा प्रश्न शिल्लकच राहतो. तो सोडवण्यासाठी गेटवेवरून गेलेला सुका कचरा गेटवेवरच परत येईल आणि मुंबई महानगरपालिका तो आपल्या सुक्या कचऱ्याच्या केंद्रात स्वीकारेल, असा लेखी करार झाला पाहिजे.

बेटावर आणखी कचरापेट्या ठेवल्याने फार काही साधणार नाही. तेथील माकडे पर्यटकांच्या हातातील बाटल्या हिसकावतात, तिथे उघड्या पेट्यांची काय कथा! बाटली पेटीत पडण्याआधीच तिची जबाबदारी ठरली पाहिजे. तमिळनाडूतील निलगिरी जिल्ह्यात मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२२ पासून मद्याच्या प्रत्येक बाटलीमागे दहा रुपये जादा घेतले जातात आणि रिकामी बाटली आणून दिली की ते परत मिळतात. घारापुरीत ही पद्धत राबवणे अधिक सोपे आहे, कारण पर्यटकांची ये-जा मोजक्या जेट्ट्यांवरूनच होते. लाँचमध्ये चढताना बाटलीवर चिकटपट्टी लावून अनामत घ्यावी, बेटावरील दुकानांतही तोच नियम असावा आणि परतल्यावर गेटवेवर पैसे मिळावेत. दहा रुपयांसाठी लहान मुलेसुद्धा बाटली सांभाळून आणतील, याची मला खात्री आहे.

मुळात बाटल्यांची गरजच कमी करता येईल. फेब्रुवारी २०१८ मध्ये समुद्राखालून टाकलेल्या केबलने बेटावर कायमची वीज आली. त्या विजेवर पाणी शुद्ध करून जेट्टीवर आणि लेण्यांच्या पायऱ्यांपाशी स्वच्छ पाणपोया चालवता येतील. अर्थात, गावकऱ्यांच्या वाट्याचे पाणी कमी होणार नाही, याची काळजी घेऊनच हे व्हावे. उपाहारगृहांतील ओल्या कचऱ्याचे खत बेटावरच करावे. तो समुद्रापार नेण्यात काहीच अर्थ नाही.

उरलेल्या सुक्या कचऱ्यासाठी सोमवार सोयीचा आहे. त्या दिवशी लेणी बंद असल्याने पर्यटकांची वर्दळ नसते. दर सोमवारी भरतीची वेळ साधून एक लाँच केवळ कचऱ्याच्या पोत्यांसाठी सोडावी. तिचा खर्च गावावर टाकू नये. लेण्यांच्या प्रवेशासाठी भारतीयांकडून ४० आणि परदेशी पाहुण्यांकडून ६०० रुपये घेतले जातात. त्यातील ठरावीक हिस्सा या फेरीसाठी राखून ठेवावा. फेरीवर काम करणाऱ्या तांडेल-खलाशांना आणि कचरा वेगळा करणाऱ्या गावातील महिलांना नियमित मोबदला मिळावा. स्वयंसेवकांच्या वार्षिक मोहिमांवर हे काम सोपवून चालणार नाही. उधाणाच्या भरतीबरोबर मुंबईच्या नाल्यांतून वाहत येणारे प्लास्टिक कांदळवनात अडकते, तेही याच फेरीने न्यावे, कारण त्याचा घारापुरीकरांशी काडीचाही संबंध नाही.

रायगड आणि मुंबई शहर या दोन्ही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांनी पुरातत्त्व सर्वेक्षण, सागरी मंडळ, महानगरपालिका, ग्रामपंचायत आणि लाँचमालकांच्या संघटना यांची एकत्र बैठक बोलवावी आणि नाताळच्या गर्दीआधी निदान सोमवारची फेरी सुरू करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, उरण