आधी घोड्या, मग टेबल

चि. रोहन,
अनेक आशीर्वाद.

तू मागची खोली रिकामी करून सुतारकामाला लागतो आहेस हे कळलं आणि खूप बरं वाटलं. तुझी यादीही वाचली. पहिल्या ओळीत मोठं कामाचं टेबल आणि सगळ्यात शेवटी ‘जमल्यास घडीच्या घोड्या’, म्हणजे फळ्या टेकवायचे मिटणारे चार पायांचे लाकडी आधार. हा क्रम उलटा कर. टेबलासाठी लांब फळ्या कापायच्या, त्यांना रंधा मारायचा, चौकट जुळवायची, गोंद वाळेपर्यंत ती कुठेतरी टेकवून ठेवायची, आणि हे सगळं तू कशावर करणार? जमिनीवर बसून कापलेली फळी कधी सरळ येत नाही आणि पाठ मोडते ती वेगळीच. दोन चांगल्या घोड्या असल्या की त्यावर प्लायचा एक तुकडा टाकला की टेबल तयार, आणि खरं टेबल तू त्यावरच सावकाश बनवू शकतोस. खोली लहान आहे, म्हणून घडीच्याच कर. पण नीट कर, कारण पुढे जे काही बनवशील त्याचा सरळपणा या दोघींवरून ठरणार आहे.

घडीच्या घोड्या डुगडुगतात अशी तक्रार सगळीकडे ऐकू येते. ती खरी आहे, पण दोष घडीचा नसतो. वजन चुकीच्या जागी पडतं म्हणून त्या डुगडुगतात. पाय आडव्या लाकडाला बाहेरून नुसते स्क्रूने ठोकलेले असतात, त्यामुळे वरचं सगळं ओझं स्क्रूच्या बारीक दांड्यावर येतं. भोकं हळूहळू लांबट होतात आणि वर्षभरात घोडी हलायला लागते. तू बनवशील त्यात एकच गोष्ट शेवटपर्यंत सांभाळ: वजन लाकडावरून लाकडावर येत जमिनीपर्यंत उतरलं पाहिजे. स्क्रू आणि बिजागऱ्या यांनी फक्त जागेवर धरून ठेवायचं, ओझं वाहायचं नाही. पुढचं सगळं मी याच हिशोबाने लिहिते आहे.

रचना सोपी आहे. शिडीच्या तुकड्यासारख्या दोन सपाट चौकटी करायच्या. प्रत्येक चौकटीला दोन पाय आणि त्यांना जोडणारी दोन आडवी लाकडं, एक वरची आडवी आणि एक खालची आडवी. या दोन चौकटी वरच्या कडेला बिजागऱ्यांनी जोडल्या आणि खाली त्यांना फाकण्यापासून अडवणारी एक फळी लावली की घोडी झाली. वरची आडवी ७५ ते ९० सेंटीमीटर लांब ठेव. त्याहून लांब केलीस तर खोलीत फिरायला जागा उरणार नाही.

उंची तू स्वतःच्या अंगावरून ठरव. हातकरवतीने कापताना फळीवर गुडघा टेकवून ती दाबून धरायची असते, म्हणून तिथे घोडी गुडघ्याच्या वाटीच्या जरा खाली असलेली बरी. मशीनने कापताना, जोडकाम करताना किंवा पॉलिश मारताना मात्र इतकं वाकणं जिवावर येतं. तुझं मशीनचं काम जास्त असेल असं दिसतं, म्हणून ६० सेंटीमीटर धरून चाल. तेवढ्या उंचीवर हातकरवतही चालवता येते. पुढचे सगळे आकडे याच उंचीचे आहेत.

आता पाय किती फाकवायचे ते. उभ्या रेषेपासून प्रत्येक बाजूला १५ अंश पुरेत. ६० सेंटीमीटर उंचीला पायाची तिरकी लांबी ६२ सेंटीमीटर येते, आणि खाली घोडी बाहेरून बाहेर साधारण ४० सेंटीमीटर रुंद बसते. जास्त फाकवलं की जास्त भक्कम, असं वाटतं खरं, पण तसं होत नाही. एका घोडीवर १०० किलो आले तर प्रत्येक चौकटीवर ५० किलो येतात. १५ अंशांवर जमीन अगदी गुळगुळीत असेल तर पाय बाहेर सरकवणारा रेटा साधारण साडेतेरा किलोंचा असतो. ३० अंशांवर तोच २९ किलोंच्या जवळ जातो, शिवाय पायात पाय अडकतात ते वेगळंच. हा रेटा अडवायचं काम खालच्या फळीचं. ती जितकी वर लावशील तितका तिच्यावर ताण जास्त. बिजागरीपासून अर्ध्या उंचीवर लावली तर ताण जमिनीलगत लावलेल्या फळीच्या दुप्पट होतो, दोन-तृतीयांश खाली लावली तर दीडपट. म्हणून दोन्ही चौकटींची खालची आडवी बिजागरीपासून ४० सेंटीमीटर खाली घे. अगदी जमिनीलगत नको, पायाचा चवडा आत जायला जागा हवी.

लाकूड पाइनसारखं हलकं घे. घोडी रोज उचलायची वस्तू आहे, आणि तिच्या वरच्या कडेवर कधीतरी करवत लागणारच. तिथे भारी लाकूड वापरणं मला पटत नाही. दीड इंच जाड आणि तीन इंच रुंद तुकडे पुरतात. निवडताना मात्र घाई करू नकोस. प्रत्येक तुकडा डोळ्यासमोर धरून कडेवरून पाहा. बाक असलेला तुकडा छोटे भाग कापायला चालतो, पीळ पडलेला अजिबात नको, कारण पीळ पडलेल्या पायाची चौकट कधीच सपाट बसत नाही. पायांसाठी लाकडाचे रेषे, म्हणजे तंतू, टोकापासून टोकापर्यंत सरळ गेलेले हवेत. कडेला मोठी गाठ असेल तर पाय तिथेच मोडतो. आणि लाकूड वाळलेलं हवं. ओलं लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ तसंच राहतं, पण रुंदीत आणि जाडीत आकसतं, आणि आज घट्ट बसलेला सांधा उद्या सैल होतो.

दोन घोड्यांचे मिळून आठ पाय. ते एकेक मोजून कापू नकोस. एक पाय नीट कापून घे, टेबलाला किंवा फळीला अडथळ्याचा एक ठोकळा क्लॅम्पने आवळ आणि बाकीचे सात त्या ठोकळ्याला टेकवून काप. ठोकळा लावता येत नसेल तर दरवेळी पहिल्याच पायावरून खूण कर. दुसऱ्यावरून तिसरा, तिसऱ्यावरून चौथा असं गेलास तर पेन्सिलीच्या रेघेची जाडी दरवेळी भर घालत जाते. सगळे पाय ६४ सेंटीमीटरचे ठेव, वरचे दोन सेंटीमीटर शेवटी तळ बसवताना लागतील.

आता सांधा. सगळी घोडी याच्यावर उभी आहे, म्हणून इथे वेळ घाल. पाय आणि आडवी एकमेकांत अर्धे-अर्धे बसवायचे, म्हणजे दीड इंच जाडीत दोन्हीकडून पाऊण-पाऊण इंच काढायचं. पायाच्या वरच्या टोकाला आडवीच्या रुंदीइतकी, म्हणजे तीन इंच उंचीची खाच येते, आणि आडवी त्या खाचेच्या खांद्यावर, म्हणजे खाचेत तयार झालेल्या पायरीवर बसते. तो खांदा म्हणजेच तुझी घोडी. ओझं आडवीवरून खांद्यावर आणि तिथून पायात उतरतं, मध्ये स्क्रू कुठेच येत नाही. रुंदीची खूण मोजपट्टीने करू नकोस. प्रत्यक्ष आडवी पायावर ठेव, गुण्याने काटकोन बघ आणि तिच्या कडेने धारदार चाकूने रेघ ओढ. चाकूची रेघ रेषे तोडते, त्यामुळे कड फुटत नाही. मग रेघेच्या आतल्या बाजूला, टाकाऊ भागात करवत धर. खांद्याची रेघ झाली की बोटाबोटाच्या अंतरावर आणखी काप घे, मधले तुकडे पटाशीने उडव आणि तळ दोन्ही कडांकडून मध्याकडे तासत ये. एकाच बाजूने आरपार तासलंस तर पलीकडची कड फुटते. सांधा हाताने दाबून बसला पाहिजे. हातोडीने ठोकावा लागला तर घट्ट आहे, आपोआप गळून पडला तर सैल. बसवल्यावर अंगठा सांध्यावरून फिरव. पायरी लागली तर ज्या बाजूचं उंच आहे तिथे तास. आतलं अंग सपाट आलंच पाहिजे, नाहीतर घडी मिटणार नाही.

गोंद खाचेच्या सपाट तळाला नीट लाव. खांद्याला, म्हणजे रेष्यांच्या कापलेल्या तोंडाला गोंद फारसा धरत नाही, तिथे त्याच्या भरवशावर राहू नकोस. क्लॅम्प आवळण्याआधी चौकटीचे दोन कर्ण मोज. दोन्ही सारखे आले की चौकट काटकोनात आहे. मग प्रत्येक सांध्याला दोन स्क्रू. आधी बारीक भोक पाड, आणि वरच्या तुकड्यातलं भोक स्क्रूच्या बाहेरच्या जाडीइतकं मोकळं ठेव, तरच स्क्रू खालच्या लाकडाला धरून वरचं खेचून घेतो. दोन्ही लाकडांत आटे बसले तर मधली फट तशीच राहते आणि कितीही आवळलं तरी जात नाही. दोन्ही लाकडं मिळून दीड इंचच आहे, त्यामुळे सव्वा इंची स्क्रू बस.

चौकट लांबीच्या दिशेने डुलू नये म्हणून वरच्या आडवीखाली दोन्ही कोपऱ्यांत बाहेरच्या अंगाला १२ मिलिमीटर प्लायचे त्रिकोणी तुकडे गोंद आणि स्क्रूने लाव. दिसायला साधे आहेत, पण घोडी ढकलून बघशील तेव्हा फरक कळेल.

बिजागऱ्या दाराला लावतात तशाच, जाड पत्र्याच्या, एका घोडीला तीन. पानं, म्हणजे बिजागरीचे दोन सपाट पत्रे, दोन्ही वरच्या आडव्यांच्या आतल्या अंगाला येतील आणि पिन नेमकी वरच्या कडेच्या रेषेत. ही जागा महत्त्वाची आहे. पिन कडेच्या खाली गेली तर पाय फाकवताना पिनेच्या वरचं लाकूड एकमेकांवर दाबलं जातं आणि बिजागरीचे स्क्रू उपटून निघतात. पानांच्या जाडीइतकी खाच पटाशीने काढ, म्हणजे दोन्ही आडव्यांच्या वरच्या कडा एकमेकींना टेकतील आणि मधला दाब लाकडावर येईल, पिनेवर नाही. घोडी उघडलीस की वरच्या दोन्ही कडा आतल्या बाजूला कलतात आणि मध्ये सेंटीमीटरभर खोल घळ तयार होते. बिजागरीची गाठ त्या घळीत राहते, वर ठेवलेल्या फळीला खालून ओरखडा पडत नाही. बाहेरच्या दोन कडांवर उघड्या घोडीतच रंधा फिरवून बोटभर सपाट पट्टी करून घे, नाहीतर ओझं टोकदार कडेवर येऊन ती चेचली जाईल.

खालची फळी १२ मिलिमीटर प्लायची. साखळी किंवा दोरीही लावतात, पण ती फक्त ताण घेते. घोडी ओढून सरकवली की पाय आत येतात आणि ती मिटते. प्लायची फळी दोन्ही दिशांना अडवते. एका खालच्या आडवीला ती बिजागरीने लाव आणि दुसऱ्या टोकाला खालून आडवीच्या जाडीची खाच असलेली पट्टी मार, म्हणजे ती दुसऱ्या आडवीवर खटकन बसेल. फळीची रुंदी कागदावर काढू नकोस. घोडी १५ अंशांना उघडून, पाय क्लॅम्पने पक्के धरून प्रत्यक्ष माप घे. फळीवर क्लॅम्पचा डबा ठेवलास की वजन खाली येतं आणि घोडी आणखी स्थिर होते.

पायांचे तळ शेवटी. फळी बसवून घोडी सपाट जागेवर उभी कर, डुलत असेल तिथे पायाखाली पाचर सरकव आणि वरची कड सर्व बाजूंनी जमिनीपासून सारखी उंच आली की थांब. मग एका छोट्या ठोकळ्यावर पेन्सिल आडवी धरून चारही पायांभोवती रेघ ओढ. सगळे पाय त्या रेघेवर कापलेस की तिरका तळ आपोआप जमिनीशी समांतर येतो. ठोकळा असा निवड की कापल्यावर उंची ६० राहील. दुसऱ्या घोडीला पहिलीच्या उंचीवरून खूण कर, मोजपट्टीवरून नाही. दोघींवर सरळ पट्टी टाकून तपास.

वापरताना एक गोष्ट लक्षात ठेव, आणि इथे मी आई म्हणून सांगते आहे. दोन घोड्यांच्या मधोमध फळी कधी कापू नकोस. काप पूर्ण होत आला की दोन्ही तुकडे मध्ये खचतात, फट मिटते, पातं चिमटतं आणि मशीन उसळून अंगावर येतं. कापायची खूण एका घोडीच्या बाहेर ठेव, म्हणजे तुटणारा तुकडा मोकळा खाली जाईल. तो लांब किंवा जड असेल तर त्याला आधार दे. प्लायचा पूर्ण तक्ता कापायचा असेल तर घोड्यांवर आधी तीन-चार लांब पट्ट्या कापाच्या दिशेने टाक, कापाच्या दोन्ही अंगांना, मग दोन्ही भाग शेवटपर्यंत टेकून राहतात. पात्याची खोली लाकडाच्या जाडीपेक्षा थोडीच जास्त ठेव. घोडीला कधी करवत चाटून गेली तर वाईट वाटून घेऊ नकोस, कड फार खराब झाली की तिच्यावर पट्टी मारता येते.

महिन्याभराने बिजागऱ्यांचे स्क्रू एकदा आवळून बघ, लाकूड नवीन जागेत थोडं बसतं. मिटल्यावर चार इंचांहून जाड होणार नाहीत, भिंतीला दोन खुंट्या मारून टांगून ठेव. सांध्याची आकृती सोबत काढून पाठवते आहे. पहिली चौकट जुळली की गोंद लावायच्या आधी फोटो पाठव, कर्णांची मापंही लिही. दोन्हीत दोन मिलिमीटरपर्यंत फरक असेल तर क्लॅम्प तिरका आवळून निघेल, त्याहून जास्त असेल तर कोणता खांदा तासायचा ते मी सांगते.

तुझी,
आई