परत आलेला नारळ

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
साष्टांग नमस्कार.

बाबांना फोनवर नीट ऐकू येत नाही आणि चिमी मधेमधे बोलते, म्हणून सगळं लिहूनच पाठवते. अक्षर मोठं काढलंय.

आधी नारळाचं सांगते, कारण आई, तू तेच विचारणार. नारळ आगीत पडला नाही. घरी परत आलाय.

झालं असं. आमच्या इथे इंग्लंडात क्रिकेटच्या मैदानावर नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी मोठी शेकोटी आणि आतषबाजी असते. शेकोटी आपली म्हणायला, लाकडांचा ढीग घराएवढा उंच. तू म्हणाली होतीस, आग पेटणारच आहे तर पोरीच्या नावाने एक नारळ टाक. टाकणारच होते. पण आगीभोवती लांबवर लोखंडी कठडे आणि पिवळी जाकिटं घातलेले स्वयंसेवक. त्यातल्या एका आजोबांना पिशवीतला नारळ काढून दाखवला. ते खूश होऊन म्हणाले, "वा, जिंकलात की!" मला काही कळेना. मग ध्यानात आलं. इंग्रजांच्या जत्रेत चेंडू मारून नारळ पाडायचा एक जुना खेळ असतो, पाडला तर नारळ आपला. तो तिथे पलीकडेच चालू होता. त्यांना वाटलं, बाईंचा नेम चांगला आहे! आगीत टाकायचाय म्हटल्यावर मात्र मान हलवली. बाहेरचं काहीही टाकायचं नाही. मी दुरूनच नमस्कार केला आणि नारळ पिशवीत घातला. तुमचे जावई तोंड फिरवून हसत होते, ते वेगळं.

बाबा, तुम्ही विचारलं होतंत, जाळतात कोणाला आणि कशासाठी. तो गाय फॉक्स. १६०५ साली पहिल्या जेम्स राजाला पार्लमेंटसकट उडवून द्यायचा कट झाला. पार्लमेंटातल्या लॉर्ड्सच्या सभागृहाखालच्या तळघरात बंदुकीच्या दारूची ३६ पिंपं भरून ठेवलेली, आणि ती राखत हा बसला होता. ४ नोव्हेंबरच्या रात्री पकडला गेला. राजा वाचला म्हणून लोकांनी शेकोट्या पेटवल्या, आणि पुढे तर ५ नोव्हेंबर साजरा करायचा कायदाच झाला. तो १८५९ मध्ये रद्द झाला तरी शेकोट्या थांबल्या नाहीत. गंमत म्हणजे म्होरक्या हा नव्हताच, रॉबर्ट केट्सबी नावाचा दुसराच होता. पण पुतळा याचा जळतो. पहारा देणाऱ्याच्याच नावावर पावती फाटली. हा माणूस मूळचा यॉर्कचा. तिथल्या ज्या शाळेत तो शिकला, तिथे आजही त्याचा पुतळा जाळत नाहीत. आपल्या शाळेचा मुलगा, कसा जाळणार! मला हे फार आवडलं.

आमच्या मैदानावर यंदा पुतळा नव्हताच, हल्ली बऱ्याच ठिकाणी नसतो. शेजारच्या आजी सांगत होत्या, त्यांच्या लहानपणी मुलं जुन्या कपड्यांत पेंढा-कागद कोंबून पुतळा करायची, हातगाड्यावर घालून फिरवायची आणि एकेक पेनी मागायची. त्या पैशांचे फटाके. म्हणजे आपली होळीची वर्गणीच की. फक्त आम्ही लाकडंही पळवायचो, आणि तुम्ही बाबा, आपल्याच अंगणातली फळी होळीत ओळखून गप्प बसला होतात.

लाकडं इथे आदल्या दिवशी रचून ठेवत नाहीत. ठेवलीच तर पेटवण्याआधी ढीग उपसून पुन्हा रचतात, कारण हेजहॉग नावाचा एक छोटासा काटेरी प्राणी हिवाळ्याच्या तोंडाशी त्यात झोपायला शिरतो. चिमीने त्या आजोबांना तीनदा विचारलं, नीट बघितलंत ना?

चिखल मात्र विचारू नका. गमबूट घोट्यापर्यंत रुतत होते. तोंड शेकतंय आणि पाठ गारठलेली. कागदात गुंडाळलेला पार्किन नावाचा केक खाल्ला. आई, तो तुला नक्की आवडेल, ओटचं पीठ, आलं आणि आपल्या काकवीसारखं ट्रीकल घालून करतात, आणि दोन-चार दिवस मुरल्यावरच चांगला लागतो. फुलबाज्या मैदानात न्यायला बंदी, त्या घरी आल्यावर मागच्या अंगणात लावल्या. हातमोजे घालून, आणि विझली की लगेच गार पाण्याच्या बादलीत. बादली मीच भरून ठेवली होती. बाबा, तुम्ही हसताय ते दिसतंय मला.

आतषबाजी सुरू झाली की इथली माणसं नुसती "ऊऽऽ", "आऽऽ" करतात, तेही हळू आवाजात. चिमीने आई, तू व्हिडिओ कॉलवर शिकवलेली बोंब मारली. तोंडावर हात आपटून, चांगली दणदणीत. मी तिला गप्प करणार तोवर आजूबाजूच्या सहा-सात पोरांनी धरली. थांबवणार कोणाला?

मी पहिल्यांदा इथे आले ते २०१० साल आठवतंय? लक्ष्मीपूजन नेमकं ५ नोव्हेंबरला होतं. खोलीत एकटीने पणती लावली आणि बाहेर सगळं गाव फटाके उडवायला लागलं. क्षणभर मला खरंच वाटलं, दिवाळीच आहे यांची. खिडकीतून बघत तुम्हाला फोन केला आणि काहीच बोलता आलं नाही. तुम्ही विचारलंत, "जेवलीस का?" इथे रात्री अकरानंतर फटाके उडवायला बंदी असते, शेकोटीच्या रात्री बारापर्यंत सूट आणि दिवाळीला एकपर्यंत. कायद्यात दिवाळीचं नाव घालून लिहिलंय, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरअखेर दोघंही याच. आईच्या गुडघ्यासाठी घडीची खुर्ची नेऊ, साडीवर गमबूट घालायला लाजायचं नाही. बाबांनी कानाचं यंत्र काढून खिशात ठेवायचं. त्या अर्ध्या तासात न ऐकू येणंच बरं.

आपल्या होळीतला भाजलेला नारळ बाबा लांब बांबूने ओढून काढायचे, त्या करपलेल्या खोबऱ्याची चव चिमीला सांगून कळत नाही. हा नारळ सध्या ओट्यावर आहे, शेंडी तशीच ठेवलीय. ती रोज कानाशी धरून हलवते, पाणी आहे का बघते. मार्चच्या होळीपर्यंत काही टिकायचा नाही. नुसता फोडू की आधी काही करावं लागतं? बाबांच्या हातून दोन ओळी लिहून पाठव.

तुमची,
ताई