‘एकांतात समजवा’ कोणाच्या सोयीचे?

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतील शांतिवादी चर्चवरचा लेख वाचला. हाती शस्त्र घेण्यापेक्षा तुरुंग पत्करणाऱ्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाविषयी मराठीत क्वचितच लिहिले जाते, त्यामुळे तो आवडलाही. पण त्यात जॉन हॉवर्ड योडर यांचा गौरव करून लेखक सरळ पुढे निघून गेले, हे खटकले.

योडर अहिंसेचे मोठे ख्रिस्ती भाष्यकार होते, यात वाद नाही. मात्र अमेरिकेतील एल्कहार्टच्या मेनोनाइट सेमिनरीत (पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, घडवणाऱ्या संस्थेत) असताना त्यांनी विद्यार्थिनींचे आणि इतर स्त्रियांचे लैंगिक शोषण केले, आणि वर त्याला धर्मशास्त्राचा मुलामा दिला. इतिहासकार रेचेल वॉल्टनर गूसन यांच्या 2015 मधील संशोधनात पीडितांचा अंदाज शंभराहून अधिक आहे.

सेमिनरीच्या प्रमुखांना हे सत्तरच्या दशकातच कळले होते. त्यांनी प्रकरण गुपचूप हाताळले. आधाराला बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 18वा अध्याय होताच: अपराध करणाऱ्याला आधी एकांतात गाठून त्याची चूक दाखवा. बांधावरून भांडणाऱ्या दोघा भावांना हा उपदेश ठीक आहे. पण जगभर नाव असलेल्या गुरूला विद्यार्थिनीने पुन्हा एकटीने जाऊन भेटायचे? योडर स्वतः समोरासमोर भेटीचाच आग्रह धरीत, यात नवल ते काय! (आमच्याकडच्या चर्चच्या मंडळ्यांतही पाळकाविरुद्ध तक्रार आली की हेच वचन पुढे करतात, असे मी ऐकले आहे.) समेटाची घाई चर्चला होती. त्यासाठी गप्प बसायचे मात्र त्या स्त्रियांनी.

1984 मध्ये सेमिनरीने त्यांना राजीनामा द्यायला लावला, तोही कारण जाहीर न करता. नोत्र दाम विद्यापीठात त्यांचे शिकवणे चालूच राहिले. 1992 मध्ये आठ स्त्रिया एकत्र येऊन बोलल्या, स्थानिक दैनिकाने बातम्या छापल्या आणि मग कुठे त्यांचे पाळकीय अधिकार निलंबित झाले. 1997 मध्ये ते वारले. सेमिनरीने या स्त्रियांसमोर जाहीर कबुली दिली ती 2015 मध्ये.

योडर यांची पुस्तके वाचू नयेत, असे माझे म्हणणे नाही. त्यांचे मेनोनाइट प्रकाशक हेराल्ड प्रेस यांनी 2013 मध्ये त्या पुस्तकांत या गैरवर्तनाची नोंद छापण्याचे ठरवले. आपल्या लेखालाही अशा दोन ओळी हव्या होत्या. त्या पुढच्या रविवारी छापाव्यात, ही विनंती.

— एक वाचक, नाशिक