थर्मंड ओस पडण्याचे खरे कारण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रेल्वेच्या जोरावर उभ्या राहिलेल्या आणि पुढे ओस पडलेल्या अमेरिकेतील गावांविषयी लिहिताना ‘मोटारी आल्या आणि गावे बसली’ एवढ्यावरच विषय आटोपला जातो. हे कारण खोटे नाही, पण अपुरे आहे. त्यात त्या गावांत राबलेल्या माणसांचे काम जमेस धरलेच जात नाही. वेस्ट व्हर्जिनियातील थर्मंड हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

न्यू नदीच्या घळईतून जाणारा चेसापीक अँड ओहायो रेल्वेचा मार्ग १८७३ साली पूर्ण झाला आणि त्याच वर्षी कॅप्टन थर्मंड यांना जमीनमोजणीच्या कामाचा मोबदला म्हणून नदीकाठची ७३ एकर जमीन मिळाली. त्या जागेवर वसलेल्या गावाच्या यार्डात आसपासच्या खाणींतून येणाऱ्या कोळशाच्या वाघिणी जोडून लांबलचक मालगाड्या तयार होत. ऐन भराच्या काळात इथे दिवसाला पंधरा प्रवासी गाड्या येत आणि वर्षाकाठी ९५,००० पर्यंत प्रवाशांची ये-जा असे. कडा आणि नदी यांच्यामधली जागा इतकी चिंचोळी, की बाजारपेठेला रस्ताच नव्हता. बँकेतून बाहेर पडलेल्या माणसासमोर थेट रूळच येत.

हे वैभव टिकले ते वाफेच्या इंजिनाच्या गरजांवर. त्याला वाटेत पुन्हा पुन्हा पाणी आणि कोळसा भरावा लागे, राख काढावी लागे, ठरावीक काळाने बॉयलर धुवावा लागे, रुळांवर चाके घसरू नयेत म्हणून वाळू भरावी लागे, आणि यातील बहुतेक कामांना माणसांचे हात लागत. या कामगारांच्या पगारावर खाणावळी आणि दुकाने चालत. महामंदीत बँक बुडाली, १९३० साली नदीपलीकडचे मोठे डन ग्लेन हॉटेल जळाले, रस्त्यांनी प्रवासी ओढून नेले. तरीही इंजिनांची ही कामे जिथे होत ती शेड चालू होती तोवर गावात पगार येत होता. १९४०च्या दशकापासून डिझेल इंजिने येऊ लागली आणि हा थांबाच अनावश्यक ठरला. रेल्वेमार्ग तोच राहिला, त्यावरून कोळसाही जात राहिला; गाडीला इथे थांबायचे कारण मात्र उरले नाही. २०२०च्या जनगणनेत थर्मंडची लोकसंख्या अवघी पाच होती.

राष्ट्रीय उद्यान सेवेने तेथील स्थानकाची इमारत डागडुजी करून जपली आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु जिथे खरे काम चाले ती इंजिन शेड १९९३ साली आगीत नष्ट झाली. त्यामुळे पाहणाऱ्याला प्रवाशांचे गाव दिसते, इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारे फायरमन आणि फिटर यांचे दिसत नाही. अशा गावांवर लेख छापताना पडक्या इमारतींच्या छायाचित्रांबरोबर तेथे कोणते काम चाले, ते कोण करी आणि ते कोणत्या यंत्रामुळे संपले, याचीही माहिती द्यावी, अशी आपणांस आग्रहाची विनंती आहे.

आपला नम्र,
एक वाचक