कौलांच्या पाठीवर लिहिलेली इयत्ता : एका शाळेस आभारपत्र

पेडणे, गोवा
सप्टेंबर २०२१

आदरणीय मुख्याध्यापिका बाई, सर्व शिक्षक, पालक-शिक्षक संघाचे सभासद आणि विद्यार्थी मित्रांनो,

सप्रेम नमस्कार.

चवथ झाली, दीड दिवसाच्या गणपतीचे विसर्जन झाले आणि गणपतीवर टांगलेली फळापानांची माटोळीही उतरवून झाली. हे पत्र खरे तर जूनमध्येच लिहायला हवे होते, पण आपण पाठवलेल्या कौलांच्या ज्या छपराबद्दल आभार मानायचे त्याच्याखाली एक पूर्ण पावसाळा काढावा आणि मगच लिहावे, असे मनाने घेतले होते. आमच्या वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या, नऊ घरांच्या वतीने मी हे लिहिते आहे. आपली शाळा डिचोली तालुक्यात आणि आम्ही पेडण्याच्या किनाऱ्याजवळचे. आपल्यापैकी एक बाई वगळता कुणीही आम्हांला ओळखत नव्हते, हे मुद्दाम नोंदवून ठेवते.

रविवार, १६ मे रोजी तौक्ते चक्रीवादळ गोव्याजवळून गेले. ते आपल्या किनाऱ्यावर चढले नाही, समुद्रातूनच उत्तरेकडे सरकत गेले आणि दुसऱ्या दिवशी रात्री गुजरातेत दीव आणि उना यांच्या पट्ट्यात जमिनीवर आले. तरीही त्याच्या नुसत्या कडेच्या वाऱ्याने आमच्याकडे जे झाले ते डोळ्यांपुढून जात नाही. मंगळुरी कौलांचे छप्पर एकदम उडत नाही. वारा आधी वळचणीची ओळ उचलतो, ती सुटली की तिच्यात अडकलेली वरची ओळ सैल होते आणि मग खालून वर आढ्यापर्यंत एकेक ओळ पत्त्यांसारखी उलगडत जाते. आमच्या घराचे तसेच झाले. शेजारच्या घरावर माड आडवा पडला आणि वासे, रिपा, कौले सगळेच खाली आले. माणसे पुढच्या खोलीत होती म्हणून वाचली. गोव्यात अन्यत्र दोघांचे प्राण गेले, तेव्हा आम्ही आमच्या नशिबाला दोष देऊ शकत नाही.

सर्वांत जिव्हारी लागले ते पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्यासाठीची साठवण, भिजल्याचे. मे महिना म्हणजे आमच्याकडे पावसाळ्याची बेगमी करण्याचा महिना. उकडे तांदूळ, सोले (सुकवलेली आमसुले), सुक्या मिरच्या, खारवलेली आणि सुकवलेली मासळी, फणसाचे पापड, सगळे भरून पोटमाळ्यावर ठेवलेले होते आणि पाणी पहिल्यांदा शिरले ते तिथेच. माझी सासू ऐंशीच्या घरात आहे. ती दुसऱ्या दिवशी सकाळी ओल्या मिरच्या सुपात घेऊन अंगणात ऊन शोधत फिरत होती आणि आभाळ काही उघडत नव्हते.

वीज चार दिवस नव्हती. ९ मेपासून कोरोनामुळे राज्यात संचारबंदी होती, त्यामुळे नातेवाईकांना येता येईना आणि आम्हांलाही कुठे जाता येईना. त्या दिवसांत कुणीतरी एक गाडी आली आणि जुन्या कपड्यांची गाठोडी अंगणात ठेवून गेली. त्यांचा हेतू चांगलाच असणार. पण ज्या घराला छप्परच नाही, त्या घरात कपडे ठेवायचे कुठे? ती गाठोडी भिजली आणि पुढे ती हटवण्याचे कामही आमच्याच गळ्यात पडले. हे सांगण्याचे कारण एवढेच, की आपली मदत यापेक्षा वेगळी का ठरली ते आपल्याला कळावे.

आपल्या शाळेतील एक बाई पूर्वी आमच्या वाड्यावरच्या सरकारी प्राथमिक शाळेत होत्या. त्यांचा फोन लागला तो पाचव्या दिवशी. ‘काय पाठवू?’ असे त्यांनी विचारले नाही. त्या म्हणाल्या, ‘घरातले एक धड कौल घ्या, ते उलटे करा आणि पाठीवरच्या ठशाचा फोटो पाठवा. लांबी-रुंदीही मोजून सांगा.’ त्या क्षणी मला रडू आले, कारण समोरच्या माणसाला आपली अडचण खरोखर कळली आहे, हे त्या एका वाक्यात होते. प्रत्येक कारखान्याच्या कौलाचा साचा थोडाथोडा वेगळा असतो. एकाची खाच दुसऱ्यात बसत नाही आणि बसवली तरी तिथून पाणी गळते. जुन्या साच्याची कौले बाजारात मिळत नाहीत. ती मिळतात ती लोकांच्या परसात, जुने घर पाडून स्लॅबचे घर बांधल्यावर भिंतीला टेकवून ठेवलेली आणि शेवाळ धरलेली.

आपण नेमकी तीच गोळा केलीत. शाळा बंद, मुले घरात, एकत्र जमायची सोय नाही, अशा वेळी वर्गावर्गांच्या व्हॉट्सॲप गटांवर कौलाचा तो फोटो फिरला आणि मुलांनी आपापले परस, गोठे, आजोळचे मांगर (शेतावरची खोपटी) धुंडाळले, असे मला पुढे पालकांकडून समजले. ज्यांच्याकडे कौले नव्हती त्यांनी पैसे दिले आणि त्यांतून रिपा, खिळे व ताडपत्री आली. काहींनी तांदूळ दिले, आणि तेही उकडेच, कारण आमची सासू दुसरा भात खात नाही, ही गोष्ट बाईंच्या लक्षात होती. परवानगी काढून दोन पालक स्वतः टेम्पो घेऊन आले, चहासुद्धा न घेता कौले उतरवून परत गेले. कुणीही आमच्या हातात वस्तू देताना फोटो काढला नाही. सोबत जमा-खर्चाचा हाताने लिहिलेला एक कागद होता, ज्यात खिळ्यांच्या पुड्याचीही नोंद होती. तो कागद मी देवघरातल्या कपाटात ठेवला आहे.

वाड्यावरच्या मेस्ताने, म्हणजे सुताराने, आणि तरुण मुलांनी मिळून मिरगाआधी (मृग नक्षत्राआधी) नऊही छपरे शाकारली. हीच कौले पंधरा दिवस उशिरा आली असती तर मातीच्या भिंती पहिल्या पावसातच बसल्या असत्या. मला वाटते, रकमेपेक्षाही वेळ साधणे हे आपले मोठे देणे आहे.

मी शाळेत असताना, २९ ऑक्टोबर १९९९ रोजी, तेव्हाच्या ओरिसात महाचक्रीवादळ झाले आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. आमच्या वर्गात पत्र्याचा डबा फिरला होता आणि मी त्यात दोन रुपये टाकले होते. पारादीप हे नाव आमच्यासाठी केवळ नकाशावरचे बंदर होते. ते दोन रुपये कुणापर्यंत पोहोचले, त्याचे काय झाले, हे मला कधी कळले नाही आणि खरे सांगायचे तर मी ते विसरूनही गेले होते. म्हणून मित्रांनो, तुमचे कुठे पोहोचले ते तुम्हांला कळावे असे मला फार वाटते. त्यासाठीच हे सविस्तर लिहिते आहे.

तुमच्यापैकी पुष्कळांनी कौलांच्या पाठीवर खडूने आपली इयत्ता लिहिली होती, बहुधा मोजदादीसाठी. छप्पर घालताना मेस्ताने ती अक्षरे पुसली नाहीत. आमच्या मधल्या खोलीला माळा नाही, त्यामुळे रात्री अंथरुणावर पडले की वर ‘चौथी’, ‘सातवी’, ‘दुसरी’ अशी अक्षरे दिसतात. ‘दुसरी’मधला ‘स’ उलटा काढलेला आहे. माझा धाकटा त्यावरूनच वाचायला शिकतो आहे. पावसाळाभर ती अक्षरे ओली झाली नाहीत, म्हणजेच छप्पर गळले नाही. याहून पक्का दाखला मी देऊ शकत नाही.

२३ जुलैला पूर आला तेव्हा आपल्याच भागाला आणि सत्तरी तालुक्याला त्याचा जबर फटका बसला, मातीची घरे कोसळली. आमच्याकडे छपरे घालून उरलेली कौले होती. ती आपली आहेत, आम्हांला ती परस्पर देता येतील का, असे मी बाईंना फोन करून विचारले. त्यांनी होकार दिला आणि आमच्या मुलांनी ती सत्तरीतल्या दोन कुटुंबांकडे नेऊन पोहोचवली. नेण्यापूर्वी अर्थातच तिथल्या कौलाच्या ठशाचा फोटो मागवला होता.

अजून त्रेचाळीस कौले शिल्लक आहेत. ती आमच्या परसात फणसाच्या बुंध्याशी उभी रचून, वर चुडते (माडाच्या झावळ्या) घालून ठेवली आहेत. साचा आणि माप या पत्रासोबत पाठवते आहे. कुणाला लागली तर बाईंमार्फत कळवावे. वाड्यावर आता एकाने टेम्पो घेतला आहे, आम्ही आणून देऊ.

आपली ऋणी,
पेडणे तालुक्यातील नऊ घरांच्या वतीने
एक गृहिणी